एकशें सत्तावीस दांत्यांचें चाक

इ. स. १९५७ च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेस आपल्या देशांत रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १९५६ सालीं, वजनें व मापें यांविषयींचा नवा कायदा झाला होता. त्या अन्वयें पुढील पांचसहा वर्षांत शेर, मण, पायली, वार, फूट ही सर्व जुनी मंडळी टप्प्याटप्प्यानें निरोप घेऊन गेली, आणि त्यांच्या जागीं किलोग्रॅम, लिटर व मीटर येऊन बसले. घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांस आरंभीं या नव्या पाहुण्यांचा जाच झाला. पावशेर डाळीचे ग्रॅम किती, आणि दीड वार खणाचे मीटर किती, हा हिशेब पुष्कळ दिवस तोंडानें चालला. परंतु स्वयंपाकघर मोठें समजूतदार असतें. जुनें माप फडताळांत मागें सरकविलें व नवें पुढें ठेवलें कीं तेथलें काम भागलें.

कारखान्याची गोष्ट निराळी. तेथें माप हें फडताळांत नसतें. तें यंत्राच्या अंगांतच घडविलेलें असतें. ज्या लेथचा मुख्य स्क्रू इंचाच्या हिशेबानें कापलेला आहे, त्या लेथला केवळ कायदा झाला म्हणून मिलिमीटरची भाषा बोलतां येत नाहीं. मग इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडावयाचे कसे? आणि तेहि अंदाजपंचें नव्हेत, तर अगदीं चोख? या प्रश्नाचें जें उत्तर कारागिरांनीं काढलें, त्यांत गणिताची मोठी मौज आहे, आणि हाताच्या शिस्तीचा एक धडाहि आहे. तें उत्तर सुशिक्षित घरांतून माहीत असावें, या हेतूनें आम्ही आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

हिंदमात्याच्या आसपास

मुंबईंत दादर आणि परळ जेथें एकमेकांस मिळतात, तेथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर हिंदमाता हा चौक आहे. एका चित्रपटगृहावरून त्यास हें नांव पडलें. आमच्या वाचक भगिनींस हिंदमाता म्हटलें कीं लुगड्यांचीं व कापडाचीं दुकानें आठवतात. नोकरीस जाणाऱ्या बंधूंस पावसाळ्यांत तेथें सांचणारें पाणी आठवतें. परंतु या चौकाच्या चारी अंगांस जो मुलूख पसरला आहे, तो एके काळीं लोखंडाचा व वाफेचा मुलूख होता. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ सालीं ताडदेवास सुरू झाली, आणि पुढील पन्नास वर्षांत लालबाग, परळ, दादर, नायगांव हा सारा टापू गिरण्यांच्या धुराड्यांनीं भरून गेला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८७९ सालीं परळास आपला कारखाना उभारला. तिकडे उत्तरेस, माटुंग्यास, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था १९२३ सालीं भायखळ्याहून येऊन स्थिरावली. तिची स्थापना १८८७ सालची; आज ती वीरमाता जिजाबाई यांच्या नांवानें चालते.

गिरणी म्हटली कीं चाती व माग डोळ्यांपुढें येतात. पण प्रत्येक गिरणीच्या एका कोपऱ्यांत दुरुस्तीचें खातें असे, आणि त्या खात्यांत लेथ असे. चात्यांचीं व मागांचीं यंत्रें बहुतेक लँकेशायरहून येत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांचीं नांवें त्यांच्या बिडाच्या अंगावर ओतलेलीं असत. एखादा स्क्रू झिजला किंवा बोल्ट तुटला, तर विलायतेहून दुसरा येईपर्यंत महिनोन् महिने माग बंद ठेवणें परवडणारें नव्हतें. तेव्हां कोंकणांतून आणि घाटावरून आलेला टर्नर तो भाग जागच्या जागीं कापून देई. हे भाग इंची, ते कापणारा लेथहि इंची. त्यामुळें अडचण अशी कांहीं नव्हतीच. अडचण आली ती देशानें मीटर पत्करल्यावर. नवीं यंत्रें मिलिमीटरच्या मापाचीं येऊं लागलीं, नवे नकाशे मिलिमीटरांत काढले जाऊं लागले, आणि दुरुस्तीच्या खात्यांत लेथ मात्र तोच जुना राहिला. चांगला लेथ दोन दोन पिढ्या टिकतो. कायदा बदलला म्हणून तो भंगारांत घालणें कोणासच शक्य नव्हतें.

मळसूत्र म्हणजे काय?

पुढील विवेचन समजण्यास मळसूत्राची थोडी ओळख हवी. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोंवतीं गुंडाळावा. त्रिकोणाची तिरकी बाजू वळसे घेत घेत पेन्सिलीवर चढते. हाच मळसूत्राचा आटा. म्हणजे मळसूत्र हा मुळांत एक चढाव आहे. घाटांतील रस्ता डोंगराभोंवतीं वळसे घेत जातो, तसा तो दांड्याभोंवतीं वळसे घेत जातो. चकलीचा पितळी सोऱ्या, मोत्यांच्या कुडीची फिरकी, लोणच्याच्या बरणीचें झांकण, या सर्वांत तोच चढाव आपल्या उपयोगी पडतो. फिरविण्यास बळ थोडें लागतें, आणि पुढें सरकणें सावकाश पण जोरकस होतें.

एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतच्या अंतरास कारागीर 'पिच' म्हणतात. नट एक फेरा फिरला कीं तो एक पिच पुढें जातो. इंची पद्धतींत हें अंतर सरळ सांगत नाहींत. एका इंचांत किती आटे बसतात तें सांगतात. मिलिमीटरच्या पद्धतींत अंतरच सांगतात : एक मिलिमीटर, दीड मिलिमीटर, दोन मिलिमीटर. एक पद्धत संख्या मोजते, दुसरी अंतर मोजते. दोघांच्या बोलण्याची तऱ्हाच उलट असल्यामुळें एकीचें दुसरींत रूपांतर करणें वाटतें तितकें सोपें नाहीं.

शिवाय आट्याच्या खांचेचा कोनहि दोन्ही पद्धतींत निराळा असतो. पूर्वीं प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीप्रमाणें आटे पाडी. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टास बसत नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रशास्त्रज्ञानें १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच प्रमाण सुचविलें व खांचेचा कोन ५५ अंशांचा ठरविला. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं ६० अंशांचा कोन पुढें आणला. १८९८ सालीं झुरिक येथें भरलेल्या परिषदेंत मिलिमीटरच्या आट्यांचें प्रमाण ठरलें, तेव्हां त्यासहि ६० अंशच पत्करले गेले. आज जगभर जें मिलिमीटरचें प्रमाण चालतें तें याच वंशांतलें. गिरणगांवांतील जुन्या टर्नरला म्हणून दोन गोष्टी बदलाव्या लागल्या : हत्याराचें टोंक घासून ५५ चें ६० अंश करावयाचें, आणि लेथच्या चाकांची जुळणी नव्यानें करावयाची. पहिली गोष्ट सोपी. दुसरींतच खरें मर्म आहे.

लेथ आटे कसे पाडतो?

लेथवर लोखंडाचा दांडा आडवा धरून फिरविला जातो. त्याच्या शेजारून एक पोलादी हत्यार गाड्यावर बसून सरकतें आणि दांड्याचा थर कापतें. कुंभाराच्या चाकाप्रमाणें येथेंहि फिरतें तें काम, आणि स्थिर राहतो तो हात. फरक इतकाच कीं येथें हाताची जागा हत्यारानें घेतलेली असते. नुसतें गोल कातावयाचें असेल तर हत्यार कमीजास्त वेगानें सरकलें तरी चालतें. पण आटे पाडावयाचे झाले कीं तेथें लवमात्र सूट नाहीं. दांड्याचा एक फेरा पुरा होतांच हत्यार बरोबर एक पिच पुढें गेलें पाहिजे. केसभर जास्त नाहीं, केसभर कमी नाहीं.

यासाठीं लेथच्या पुढच्या अंगास एक लांब मळसूत्र बसविलेलें असतें. त्यास 'लीड स्क्रू' म्हणतात. हत्याराच्या गाड्याखालीं दोन फांकांचा एक नट असतो. त्या फांका मिटल्या कीं गाडा लीड स्क्रूला जखडला जातो व त्याच्या फिरण्याबरोबर सरकूं लागतो. फांका उघडल्या कीं गाडा मोकळा. दांडा फिरविणारा मुख्य कणा आणि लीड स्क्रू यांच्यामध्यें दांतेरी चाकांची एक माळ असते. या माळेंतील चाकें बदलतां येतात. त्यांची जशी जुळणी करावी तसा लीड स्क्रू जलद किंवा सावकाश फिरतो. एका मळसूत्रावरून दुसरें मळसूत्र निर्माण करण्याची ही युक्ति हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिरानें १८०० च्या सुमारास सिद्धीस नेली, आणि व्हिटवर्थ हा त्याच्याच कारखान्यांत काम केलेला.

आतां एक साधें उदाहरण घेऊं. पुष्कळ इंग्रजी लेथांच्या लीड स्क्रूला एका इंचांत चार आटे असतात. म्हणजे त्याचा पिच पाव इंच, किंवा आपल्या सुतारांच्या भाषेंत दोन सूत. आपणांस इंचांत आठ आट्यांचा बोल्ट कापावयाचा आहे. त्याचा पिच एक सूत, म्हणजे लीड स्क्रूच्या निम्मा. तेव्हां दांड्याच्या एका फेऱ्यास लीड स्क्रूनें अर्धा फेरा घेतला पाहिजे. कण्याकडे ३० दांत्यांचें चाक व लीड स्क्रूवर ६० दांत्यांचें चाक बसविलें कीं काम झालें. लेथबरोबर चाकांचा जो संच येतो तो सामान्यतः २० दांत्यांपासून १२० दांत्यांपर्यंत पांचापांचाच्या चढीनें असतो. त्रैराशिक येणाऱ्या कोणाहि मुलास या संचांतून इंची आट्यांची जुळणी करतां येईल.

एकशें सत्तावीस कोठून आले?

पण दीड मिलिमीटर पिच पाहिजे असेल तर? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पूर्वीं इंग्लंडचा इंच व अमेरिकेचा इंच यांत अत्यंत सूक्ष्म असा फरक होता; १९५९ सालीं इंग्रजी भाषा बोलणाऱ्या प्रमुख राष्ट्रांनीं २५.४ हाच आंकडा कायमचा व नेमका ठरविला. त्या हिशेबानें पाव इंचाचा लीड स्क्रू म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपणांस हवें १.५. तेव्हां चाकांचें प्रमाण १.५ भागिले ६.३५ हवें. दशांशचिन्हें काढून टाकण्यासाठीं दोहोंस वीसनें गुणावें, म्हणजे ३० भागिले १२७ असें प्रमाण येतें.

येथें ती गंमत आहे. १२७ ही मूळ संख्या आहे. एक व ती स्वतः यांखेरीज तिला कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं. साठ दांत्यांचें चाक नसलें तर वीस, तीस, चाळीस यांच्या मेळानें तेंच काम साधतां येतें, कारण साठचे तुकडे पडतात. १२७ चे तुकडेच पडत नाहींत. चाकांचा केवढाहि मोठा संच घ्या आणि हवे तितके मेळ करून पाहा. ज्या संचांत १२७ दांत्यांचें चाक नाहीं, किंवा निदान १२७ च्या पटींतलें चाक नाहीं, त्यांतून इंचाचा चोख मिलिमीटर कधींहि निघावयाचा नाहीं. आणि तें एक चाक मिळालें कीं सारे दरवाजे एकदम उघडतात. इंचांत चार आट्यांच्या लेथवर एक मिलिमीटरसाठीं २० व १२७, सव्वासाठीं २५ व १२७, दीडसाठीं ३०, पावणेदोनसाठीं ३५, दोनसाठीं ४०, अडीचसाठीं ५०, तीनसाठीं ६०. नियम इतका सोपा कीं मिलिमीटरांचा आंकडा वीसनें गुणावा, तितक्या दांत्यांचें चाक कण्याकडे लावावें, आणि लीड स्क्रूवर १२७ चें चाक ठेवावें. अर्ध्या मिलिमीटरसाठीं दहा दांत्यांचें चाक लागेल, व तें संचांत नसतें. तेव्हां २० नें ६० स फिरवावें आणि त्याच कांट्यावरील ३० नें १२७ स फिरवावें. गुणाकार करून पाहावा; उत्तर १० भागिले १२७ असेंच येईल.

हें मोठें चाक ज्यांच्याजवळ नसतें ते ६३ दांत्यांचें लहान चाक वापरून काम भागवितात. १०० भागिले १२७ या प्रमाणाऐवजीं ६३ भागिले ८० घेतलें तर फरक आठ हजारांत एक इतकाच पडतो. बोटभर लांबीच्या बोल्टास या फरकाचें कांहींच वाटत नाहीं. पण एक मीटर लांबीचा स्क्रू या रीतीनें कापला, तर शेवटास मिलिमीटरचा आठवा भाग चूक सांचते. आणि ज्या यंत्रास शतांश मिलिमीटरची अचूकता पाहिजे त्याच्या दृष्टीनें ती फार झाली. कोणत्या कामास अंदाज चालतो आणि कोणत्या कामास चालत नाहीं, हें ओळखणें हाच कारागिराचा विवेक होय.

नट उघडावयाचा नाहीं

इतकें गणित कागदावर करतां येतें. पण आटे कागदावर पडत नाहींत. ते लोखंडावर पडतात, आणि तेथें आणखी एक अडचण उभी राहते. आटा एका झटक्यांत कापला जात नाहीं. दीड मिलिमीटर पिचाच्या आट्याची खोली सुमारें ०.९२ मिलिमीटर असते. दहा मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर तो कापला कीं गाभा ८.१६ मिलिमीटर उरतो. ही खोली पुष्कळ फेऱ्यांत, प्रत्येक वेळीं थोडथोडी, अशी साधावी लागते. आणि प्रत्येक फेरींत हत्याराचें टोंक अगदीं त्याच खांचेंत उतरलें पाहिजे.

इंची लेथवर इंची आटे पाडतांना टर्नर एक फेरी संपली कीं नटाच्या फांका उघडतो, गाडा हातानें झरकन् मागें आणतो, आणि योग्य क्षण साधून फांका पुन्हां मिटतो. तो क्षण दाखविण्यासाठीं गाड्यावर एक लहानशी तबकडी बसविलेली असते. तिच्यावरील खूण जुळली कीं मिटावयाचें. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडतांना या तबकडीवर विसंबतां येत नाहीं. कारण असें कीं लीड स्क्रूचे ६.३५ मिलिमीटरचे टप्पे व बोल्टाचे १.५ मिलिमीटरचे टप्पे यांची गांठ फार दूरवर पडते. हिशेब केला तर लीड स्क्रूचे तीस टप्पे व बोल्टाचे एकशें सत्तावीस टप्पे झाल्यावर, म्हणजे १९०.५ मिलिमीटरांवर, साडेसात इंचांवर, दोघांची पहिली भेट होते. मधल्या जागीं नट मिटला तर तो मिटेल, कुरकुरणार नाहीं. पण हत्यार जुन्या खांचेंत न उतरतां दोन खांचांमधल्या धारेवर उतरेल, आणि तासाभराचें काम एका क्षणांत भंगारांत जाईल.

म्हणून यावरचा नियम एकच : नट उघडावयाचा नाहीं. फेरी संपली कीं हत्यार बाहेर ओढावयाचें, यंत्र थांबवावयाचें, आणि सारी माळ उलटी फिरवून, आल्या वाटेनें, सावकाश आरंभास परत जावयाचें. परत जातांना आरंभाच्याहि थोडें पलीकडे जावयाचें, कारण दांत्यांमध्यें व नटामध्यें जी किंचित् ढिलाई असते ती पुढें येतांना अगोदर भरून निघाली पाहिजे. मग खोली थोडी वाढवावयाची, तेलाची धार सोडावयाची, आणि पुन्हां पुढें. ज्या जुन्या लेथांचा चक कण्यावर आट्यांनींच बसविलेला असतो, त्यांवर यंत्र उलटें फिरवितांना एकदम जोर द्यावयाचा नाहीं. दिला तर चक सैल होऊन सुटण्याचा धोका असतो. घाईच्या माणसाचें हें कामच नव्हे.

वाचकांस यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. पण शेंकडों बोल्ट कापावयाचे असतां, समोर फोरमन उभा असतां, प्रत्येक फेरीस उलटें परत जाण्याचा संयम ठेवणें ही सामान्य गोष्ट नाहीं. बाहेरून पाहणारास तो वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः तसें नाहीं. ज्या दोन मापांचा मेळ मधल्या वाटेवर कोठेंच बसत नाहीं, त्यांचा धागा हातांतून सुटूं न देण्याचा तोच एक मार्ग आहे.

दोन मापांचा संसार

कोणी म्हणेल कीं इतकी काटेकोरी कशास? जवळजवळ सारखे आटे असले तर नट जरा जोरानें बसवावा. ही समजूत फार घातक आहे. इंचांत सोळा आटे असलेल्या बोल्टाचा पिच १.५८७५ मिलिमीटर असतो. दीडपेक्षां तो केवळ ०.०८७५ नें मोठा. दोन तीन आटे नट आनंदानें चढतो. पण प्रत्येक आट्यागणिक हा फरक वाढत जातो, आणि दहा आट्यांनंतर तो अर्ध्या पिचाहून अधिक होतो. तेथें पान्यानें जोर करणारा मनुष्य नट घट्ट बसला असें समजतो. प्रत्यक्षांत आटे एकमेकांस चिरडीत असतात, आणि सारा भार दोनचार आट्यांवर येऊन पडतो. असा बोल्ट यंत्रांत बसला तर तो केव्हां दगा देईल याचा नेम नसतो. ज्याच्या शेजारीं माणसें काम करितात, त्या यंत्राच्या बाबतींत ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं.

आणि इंच केवळ जुन्या कारखान्यांतच राहिला आहे असेंहि नाहीं. आपल्या घरांतील अर्ध्या इंची नळाचे आटे आजहि व्हिटवर्थच्या ५५ अंशांच्या घराण्यांतलेच आहेत. एका इंचांत ते चौदा बसतात, आणि त्यांचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसून सुमारें २१ मिलिमीटर असतो. कारण 'अर्धा इंच' हें नांव नळीच्या पोकळीवरून पडलेलें. मीटरचें माहेर जें फ्रान्स, तेथेंहि पाण्याच्या नळास हेच आटे चालतात. सायकलच्या पायट्याच्या आट्यांचें प्रमाणहि इंचांतलेंच राहिलें आहे. म्हणजे एकाच घरांत न्हाणीघराचा नळ इंच बोलतो आणि कपाटाचा नवा बोल्ट मिलिमीटर बोलतो. जुन्याचें नव्यांत रूपांतर एका दिवसांत होत नसतें. पुष्कळ काळ दोहोंस एका छपराखालीं नांदावें लागतें. अशा वेळीं जुनें टाकून द्या किंवा नवें झिडकारा, या दोन्ही सल्ल्यांचा उपयोग नसतो. दोहोंमधलें नेमकें नातें ज्यास ठाऊक आहे असा मनुष्य उपयोगी पडतो.

आमच्या घरांतील मुलांविषयीं

असा मनुष्य आमच्या पांढरपेशा घरांतून किती निघाला? अगदींच निघाला नाहीं असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्याकरितां मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, रंग ओळखण्यांत त्यांच्या दृष्टींत दोष आढळल्यानें ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिक्षक झाले. पुढें ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान व लहानसा कारखाना चालविला, आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. याच घराण्याच्या प्रयत्नानें १९४१ सालीं हरिहर येथें लेथ बनविणारा कारखाना निघाला. नोकरीची खुर्ची सोडून ऐरणीजवळ उभें राहण्यांत कमीपणा नाहीं, हें या एका उदाहरणानें महाराष्ट्रास दाखविलें.

परंतु उदाहरणाची स्तुति करणें सोपें, अनुकरण अवघड. आमच्या घरांतील मुलगा अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातो, पदवी घेतो, आणि नकाशावर दीड मिलिमीटर पिच असें लिहितो. तो पिच पाडणारा टर्नर कोण, तो कोठें राहतो, त्यास वेतन किती, हें तो क्वचितच विचारतो. गिरणगांवांत तर ही विचारपूस फारच उशिरा झाली. १९८२ सालच्या जानेवारीच्या १८ तारखेस सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि त्यांच्या जागेवर उंच इमारती उभ्या राहिल्या. मागाबरोबर दुरुस्तीचीं खातींहि गेलीं. चाकांच्या जुळणीचे हिशेब ज्यांच्या बोटांवर होते अशीं माणसें तीं खातीं सोडून घरीं गेलीं, आणि तें ज्ञान वहींत उतरवून घेण्याची आम्हां लिहित्यावाचत्यांस आठवणहि झाली नाहीं.

आज संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथांत चाकांची माळ बदलावी लागत नाहीं. कण्याचा फेरा विद्युत्-संकेतांनीं मोजला जातो, त्यावरून हत्याराची चाल आपोआप ठरते, आणि इंच व मिलिमीटर हा भेद एका आंकड्यानें मिटतो. मग हें जुनें ज्ञान कशास, असें विचारतां येईल. त्यास उत्तर असें कीं संगणकानें १२७ चा प्रश्न नाहींसा केला नाहीं. तो फक्त आपल्या दृष्टीआड केला. जुन्या यंत्राचा एकच भाग दुरुस्त करावयाचा असला तर आजहि हातचा लेथ जवळ करावा लागतो. सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून 'टर्नर' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अद्यापि शिकवितात, आणि तेथें आटे पाडणें हें शिकण्याचें एक मुख्य अंग आहे. अशा संस्थेंत आपला मुलगा किंवा मुलगी गेली तर आप्तेष्टांत सांगतांना आवाज खालीं जाऊं नये, इतकें तरी आपल्या हातीं आहे.

आणि ज्यांस तितकें शक्य नाहीं त्यांनीं एक सोपी गोष्ट करून पाहावी. घरांतील जुन्या खिळेमोळ्यांच्या डब्यांतून दोनचार मोठे बोल्ट काढून मुलांपुढें ठेवावे. एका आट्याच्या शिखरापासून पुढचीं दहा अंतरें मोजून तीं पट्टीवर किती मिलिमीटर भरतात तें पाहण्यास सांगावें. बरोबर पंधरा भरले तर तो बोल्ट दीड मिलिमीटरचा. पंधराहून जवळजवळ एक मिलिमीटर अधिक भरले तर तो इंचांत सोळा आट्यांचा, जुन्या घराण्यांतला. मग त्यांस विचारावें कीं इंचांत चार आटे असलेल्या लेथवर पहिला बोल्ट कापण्यास कोणतीं दोन चाकें लावाल? मुलानें स्वतः हिशेब करून ३० व १२७ असें उत्तर दिलें, आणि तें ऐकून घरांतील वडील मंडळीस कौतुक वाटलें, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.